मूल अचानक बोलेनासं झालं तर: लहान मेंदूच्या आजारात जाणारी वाचा

मेंदूच्या मागच्या भागातली गाठ काढायचं ऑपरेशन झालेलं असतं. मूल शुद्धीवर येतं, आईबाबांना ओळखतं, पाणी मागतं, ‘घरी कधी जायचं’ असंही विचारतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि मग एक-दोन दिवसांत ते गप्प होतं. हाक मारली तरी शब्द नाही, मान हलवणं नाही, काहींना तर डोळे उघडून बघणंही जमत नाही. मधूनच एका पट्टीतली किरकिर सुरू होते आणि थोपटून, कुशीत घेऊन, कशानेही थांबत नाही.

तेव्हा घरच्यांच्या मनात काय काय येतं ते साहजिकच आहे. कुणाला वाटतं मूल रुसलंय, कुणाला वाटतं घाबरलंय. बऱ्याच जणांना वाटतं की ऑपरेशनमध्ये काहीतरी भलतंच झालंय आणि आपल्याला कुणी खरं सांगत नाहीये. प्रत्यक्षात हा ओळखीचा, नाव असलेला प्रकार आहे. डॉक्टर त्याला सेरेबेलर म्यूटिझम सिंड्रोम म्हणतात. पोस्टिरियर फोसा सिंड्रोम हे त्याचं जुनं नाव अजूनही फाइलवर दिसतं. १९८५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याचं नीट वर्णन येऊ लागलं आणि २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून त्याची एक व्याख्या ठरवली. त्या व्याख्येतलं एक वाक्य पालकांनी आधी वाचावं असं आहे: बोलणं पूर्ण बंद होणं हे नेहमी तात्पुरतं असतं. पुढचं वाक्यही तितकंच खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही: बरं व्हायला बराच काळ लागू शकतो आणि बोलणं प्रत्येकाचं पूर्वीइतकं स्वच्छ होतंच असं नाही.

या दोन वाक्यांच्या मधल्या काळात काय करायचं, त्यासाठी हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की मुलाला बोलतं करण्याच्या मागे लागण्याआधी त्याला उत्तर द्यायची वाट करून द्यावी. शब्द आपल्या वेळेने येतात. तोवर ‘मला दुखतंय’, ‘मला नको’ एवढं सांगायला मुलाकडे काहीतरी हवं.

नेमकं काय बिघडतं

लहान मेंदू डोक्याच्या मागे, मानेच्या थोडा वर असतो. तोल सांभाळणारा अवयव एवढीच त्याची ओळख शाळेत होते, पण काम त्याहून खूप मोठं आहे. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत आहेत. बोलताना ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांची वेळ जुळवणं, वाक्य सुरू करायला लागणारी चालना देणं, भावनांना आवर घालणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो.

लहान मेंदूतून निघणारे तंतू मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसमधून मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे जातात. गाठ लहान मेंदूच्या मधोमध असली, की ती काढताना या तंतूंना दोन्ही बाजूंनी इजा होऊ शकते, सूज येऊ शकते किंवा त्यांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. मग मोठा मेंदू स्वतः धडधाकट असूनही त्याच्यापर्यंत लहान मेंदूचे संदेश पोचत नाहीत आणि बोलण्याशी संबंधित भागांचं कामकाज मंदावतं. सूज चढायला वेळ लागतो, म्हणून मूल आधी बोलतं आणि नंतर गप्प होतं असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. गप्प होण्याची वेळ बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांतली असते, क्वचित आठवडाभराने येते.

यातून लक्षात ठेवायचं ते असं: जीभ लुळी पडलेली नसते आणि शब्द पुसले गेलेले नसतात. बऱ्याच मुलांना आजूबाजूला चाललेलं, निदान काही प्रमाणात, समजत असतं. म्हणून मुलाच्या पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्याच्या भवितव्याची चर्चा करू नका आणि पाहुण्यांनाही करू देऊ नका.

कोणत्या मुलांत जास्त

मेड्युलोब्लास्टोमा नावाच्या गाठीत हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. त्या ऑपरेशननंतर साधारण दर चार मुलांमागे एकाला तो होतो. अ‍ॅस्ट्रोसायटोमा या दुसऱ्या प्रकारच्या गाठीत प्रमाण बरंच कमी. गाठ मधोमध असणं, तिने मेंदूच्या देठावर दाब आणलेला असणं आणि मुलाचं वय कमी असणं, यांनी धोका वाढतो. अनुभवी हातांनी, काळजीपूर्वक केलेल्या ऑपरेशननंतरही हा प्रकार होतो. तुम्ही आधी कोणतं लक्षण ओळखलं नाही म्हणून तर मुळीच नाही.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनना स्पष्ट विचारा: ‘बोलणं जाण्याची शक्यता किती? झालंच तर तुमच्याकडे स्पीच थेरपिस्ट कधी येतात?’ वेळ असेल तर मुलाचं नेहमीचं बोलणं, गाणं, चालणं यांचा छोटा व्हिडिओ करून ठेवा. मूल कोणत्या हाताने लिहितं, कोणते शब्द आधीच अडखळत म्हणतं, घरात कशाला काय म्हणतं, हे कागदावर उतरवा. ज्या थेरपिस्टने मुलाला आजाराआधी पाहिलेलंच नाही, त्यांना मूळचं मूल कसं होतं हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

ऑपरेशन झालेलंच नसेल तर

हे वेगळं आणि घाईचं प्रकरण आहे. कांजिण्या, गालगुंड, रोटाव्हायरसचे जुलाब, मायकोप्लाझ्मा जिवाणूचा किंवा एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग यांच्यानंतर कधीकधी लहान मेंदूला सूज येते. तिला सेरेबेलायटिस म्हणतात. मूल झोकांड्या देत चालतं, हात थरथरतात, बोलणं जड होतं आणि काही मुलांत पूर्ण थांबतं. रोटाव्हायरसच्या बाबतीत आधी जुलाब-उलट्या, मग झटके किंवा गुंगी, आणि शुद्ध आल्यावर मूल बोलत नाही, असा क्रम अनेक लहान मुलांत नोंदला गेला आहे. डोक्याला मार लागल्यावर किंवा लहान मेंदूत रक्तस्राव झाल्यावरही वाचा जाऊ शकते.

अशा वेळी ‘तापाने थकलंय, उद्या बोलेल’ म्हणून रात्र काढू नका. लहान मेंदू अगदी अरुंद जागेत असतो. तो सुजला की मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि डोक्यातला दाब भराभर वाढतो. डोकेदुखी, वारंवार उलट्या, पेंग, झोकांड्या यांच्या जोडीने बोलणं बंद झालं असेल तर थेट इमर्जन्सी विभाग गाठा, जिथे एमआरआय किंवा निदान सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी.

एक फरक इथेच सांगतो. काही मुलं घरी भरभरून बोलतात आणि शाळेत किंवा परक्यांसमोर तोंड उघडत नाहीत. तो चिंतेशी निगडित वेगळा प्रकार आहे, त्याचा लहान मेंदूच्या आजाराशी संबंध नाही. लहान मेंदूमुळे वाचा गेलेलं मूल आईशीही बोलत नाही आणि एकटं असतानाही पुटपुटत नाही.

पहिले दोन दिवस: बाकीची कारणं आधी तपासून घ्या

ऑपरेशननंतरची प्रत्येक शांतता म्हणजे हा सिंड्रोम नव्हे. डॉक्टर हे बघतातच, पण पालकांनीही विचारावं: पाणी साठून डोक्यातला दाब वाढलाय का? रक्तस्राव किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग नाही ना? अंग न हलवणारे, आतल्या आत चालू असलेले झटके नाहीत ना, त्यासाठी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करायचा का? गुंगीच्या किंवा वेदनेच्या औषधांचा अंमल किती राहिलाय? श्वासनळीत घातलेल्या ट्यूबमुळे किंवा नस दुखावल्यामुळे स्वरतंतूंना इजा झाली असेल तर रडण्याचा आवाजच घोगरा किंवा श्वास घरघरता होतो. लहान मेंदूच्या प्रकारात मात्र रडण्याचा आवाज बहुतेकदा मोठा आणि टोकदार निघतो, फक्त शब्द येत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून मूल कसं रडतं ते मोबाइलवर टिपून डॉक्टरांना ऐकवा. राउंडच्या वेळी ते नेमकं झोपलेलं असतं.

वाचेबरोबर इतरही गोष्टी जातात. अंग ढिलं पडतं, मान धरत नाही, एखादा डोळा आत वळतो, गिळता येत नाही, लघवी तुंबते, शौचाला होत नाही. मूल विनाकारण हसतं किंवा हुंदके देतं. हे सगळं त्याच आजाराचं आहे. लाड जास्त झाल्याने मूल असं वागत नसतं आणि शिस्त लावून ते थांबणारही नाही.

भाषेच्या आधी गिळणं

पालकांचं सगळं लक्ष बोलण्यावर असतं, पण सुरुवातीच्या दिवसांत खरा धोका गिळण्यात असतो. जे स्नायू शब्द घडवतात तेच घास खाली नेतात, आणि त्यांची वेळ चुकली की अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जातं. त्यातून न्युमोनिया होतो. अवघड भाग असा की या मुलांत कधीकधी ठसकाही लागत नाही. ‘खोकला आला नाही, म्हणजे नीट गिळलं’ असं समजून चालत नाही.

स्पीच थेरपिस्टने गिळणं तपासून परवानगी देईपर्यंत तोंडाने काही देऊ नका, चमचाभर पाणीसुद्धा नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा, कारण एखादी आजी मायेने काहीतरी भरवायला जातेच. गरज पडली तर एक्स-रेखाली गिळण्याची हालचाल बघायची तपासणी करतात. तोवर नाकातल्या नळीने पोषण मिळतं. ते बरेच आठवडे लागणार असं दिसलं तर पोटातून नळी घालायचा पर्याय सुचवला जातो. नळी म्हणजे हार, असं वाटून घेऊ नका. भुकेलं, वजन घटलेलं मूल थेरपीत काही करू शकत नाही.

तोंडाने खाणं बंद असलं तरी तोंडाची स्वच्छता बंद करायची नाही. दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ पुसा. लाळेतले जंतू फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. ओठांना, गालांना हलका स्पर्श चालू ठेवा. नाहीतर पुढे परवानगी मिळूनही मूल चमचा जवळ आला की तोंड फिरवतं.

खाणं सुरू झाल्यावर मुलाला ताठ बसवा, मान किंचित पुढे झुकलेली ठेवा, घास लहान ठेवा आणि आधीचा घास गेल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्या. पातळ पाणी सर्वांत अवघड असतं. ते किती दाट करून द्यायचं हे थेरपिस्ट सांगतील. खाताना आवाज ओला-ओला येऊ लागला, डोळ्यांत पाणी आलं किंवा श्वास वाढला तर तिथेच थांबा.

हो आणि नाही

आता या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मूल शांत असेल अशी वेळ निवडा. शक्यतो झोपेतून उठल्यावर थोड्या वेळाने, गुंगीचं औषध दिल्यानंतर लगेच नको. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, खोलीत एकच माणूस बोलेल. मान धरत नसेल तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळी करून आधार द्या. सगळी ताकद डोकं सावरण्यात गेली तर उत्तरासाठी काही उरत नाही. तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. काहींना ऑपरेशननंतर दोन-दोन दिसतं, म्हणून अगदी जवळ जाऊ नका आणि नजर कोणत्या बाजूला नीट ठरते ते आधी बघा.

आता मुलाला जमणारी एक हालचाल शोधा. बोट उचलणं, अंगठा हलवणं, तुमचा हात दाबणं, वर बघणं, पापण्या घट्ट मिटणं, यातली जी सर्वांत कमी कष्टात होते ती. ती ‘हो’ झाली. ‘नाही’साठी दुसरी हालचाल ठरवा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते: हालचाल केली तर हो, नाहीतर नाही, असं ठरवलं जातं. तसं करू नका. मूल थकलं, झोपाळलं, त्याला प्रश्न कळला नाही, तरी ते स्तब्धच राहतं आणि तुम्ही त्याचा नकार समजून बसता. दुसरी हालचाल जमतच नसेल तर दोन मोठी कार्डं करा, एकावर हसरा चेहरा, एकावर नकाराची खूण. दोन हात लांब धरून मूल कुठे बघतं ते पाहा.

मग एक खरा प्रश्न विचारा. ‘पांघरूण काढू?’ आणि थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा, गरज पडली तर वीसपर्यंत. या मुलांना प्रश्न कळणं आणि उत्तर निघणं यात मोठं अंतर पडतं. ते अंतर संपायच्या आत आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचारतो आणि बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बोट हललं, जरासं का होईना, की लगेच पांघरूण काढा. उत्तर चुकून दिलं असेल असं वाटलं तरी काढा. हललेल्या बोटाने बाहेर काहीतरी घडतं, हे मुलाला कळलं पाहिजे.

‘मी कोण, सांग बरं’, ‘हा कोणता रंग’ असे परीक्षेचे प्रश्न टाळा. उत्तर तुम्हाला माहीत आहे हे मुलालाही माहीत असतं. ज्याचं उत्तर खरोखर त्याच्याकडेच आहे ते विचारा: कुठे दुखतंय, कुशीवर वळायचं का, दिवा कमी करू का, बाबांनी थांबायचं का. तीन-चार प्रश्न झाले की पुरे. सगळ्या खुणा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा, म्हणजे रात्रपाळीच्या नर्सलाही त्या समजतील. हा कागद लावला की बऱ्याचदा रात्रीची किरकिर कमी होते, कारण दुखतंय की लघवी लागलीय हे कुणीतरी विचारू लागतं.

पहिले काही दिवस यातलं काहीच जमत नाही अशीही मुलं असतात. त्यांना नजरेने अनुसरणंही कठीण जातं. तरी काही करण्याआधी सांगत राहा: ‘आता तुला उजव्या कुशीवर वळवते’, ‘थंड हात लागेल’. रोज एकदा खुणेचा प्रयत्न करा. जमलं नाही तर चेहऱ्यावर नाराजी न दाखवता सोडून द्या. पुढे चित्रांचा तक्ता, मग अक्षरांचा तक्ता किंवा टॅबलेट. लिहून दाखवायचा आग्रह मात्र लवकर नको, कारण हातात कंप असतो आणि पेन्सिल धरण्याची धडपड मुलाला आणखी चिडवते.

‘खुणा शिकवल्या तर ते बोलायचं आळस करेल’ ही भीती मी खूप ऐकतो. तिला आधार नाही. बोलता येऊ लागताच मुलं खुणा आपणहून सोडतात. शब्द जास्त वेगाने काम करतात हे त्यांना सांगावं लागत नाही.

न थांबणारं रडणं

हे सहन करणं आईबापांना वाचा जाण्यापेक्षाही अवघड जातं. आधी शारीरिक कारण शोधा: जखम, ताप, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, एकाच कुशीवर फार वेळ पडून राहणं, डोक्यातला दाब. काहीच सापडलं नाही तर खोली शांत करा. मंद उजेड, एका वेळी एक आवाज, एक स्पर्श. रडणाऱ्या मुलाला खेळणं, गाणं, व्हिडिओ हे सगळं एकदम दाखवणं म्हणजे त्याच्यावर आणखी भार टाकणं. दिवस आणि रात्र यांतला फरक ठळक ठेवा: सकाळी पडदा उघडा, ठरावीक वेळी अंघोळ, ठरावीक वेळी थेरपी, रात्री एकच ओळखीचं गाणं. झोप सुधारली की चिडचिड बरीच उतरते.

औषधांबद्दल पालक इंटरनेटवर वाचून येतात. ब्रोमोक्रिप्टिन, झोलपिडेम यांसारख्या औषधांनी एखाद-दुसऱ्या मुलात फरक पडल्याच्या नोंदी आहेत, पण खात्रीने वाचा परत आणणारं कोणतंही औषध सिद्ध झालेलं नाही. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. परस्पर काही सुरू करू नका.

आवाज परत येताना

बोलणं सरासरी सहा ते आठ आठवड्यांत परत येऊ लागतं. कुणाचं काही दिवसांत येतं, कुणाला बरेच महिने लागतात. ते शेजारच्या पलंगावरच्या मुलाशी जुळवून बघू नका.

सुरुवात सहसा वाक्याने होत नाही. आधी कण्हणं, हसण्याचा आवाज, कुजबुज. मग एखादा शब्द, बहुतेकदा राग आल्यावर निसटलेला: ‘नको!’ किंवा ‘आई!’ काही मुलांच्या तोंडून गाण्याची ओळ किंवा एक-दोन-तीन आधी येतं, कारण पाठ असलेली गोष्ट सुरू करायला कमी आटापिटा लागतो. म्हणून त्याचं आवडतं गाणं म्हणा आणि शेवटचा शब्द सोडून थांबा. आला तर आला. नाही आला तर तुम्हीच पुरा करा आणि पुढे चला.

पहिला शब्द ऐकल्यावर सगळं घर ‘परत म्हण, परत म्हण’ करत जमा होतं. तो मोह आवरा. शब्दाला उत्तर द्या. ‘नको’ म्हणालं ना, मग ते बाजूला करा.

नंतरचं बोलणं हळू, तुटक, एका सुरातलं असतं. अक्षर-अक्षर वेगळं पडतं, शेवटाकडे श्वास संपतो. यावर स्पीच थेरपीत श्वास, आवाजाची चढ-उतार, लय यांवर काम होतं. घरी रोज थोडा थोडा वेळ, दिवसातून दोन-तीनदा पुरतो. एकदम तासभर बसवलं तर दुसऱ्या दिवशी मूल पुस्तक बघताच तोंड फिरवेल. तुम्ही स्वतः हळू आणि छोट्या वाक्यांत बोला, पण बोबडं बोलू नका. आठ वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलासारखंच वागवा.

बोलण्याच्या जोडीने बसणं, उभं राहणं, तोल यांवर फिजिओथेरपी चालू असते आणि बऱ्याचदा दोन्ही सुधारणा बरोबर दिसतात. चालणं मागे राहून बोलणं पुढे गेलं किंवा उलट झालं, तरी घाबरू नका.

रेडिएशन आणि केमोथेरपी याच काळात येते

मेड्युलोब्लास्टोमामध्ये ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू करावं लागतं. म्हणजे अनेकदा मूल अजून बोलत नसतानाच. ‘आधी बोलू दे, मग बघू’ असं वाटणं स्वाभाविक आहे, पण गाठीचे उपचार लांबवणं धोक्याचं असतं. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांबरोबर घ्या. स्थिर पडून राहता येत नसेल तर भूल देऊन रेडिएशन देता येतं. थेरपीच्या वेळा त्या भुलीच्या आणि उपाशी राहण्याच्या वेळांशी जुळवून घ्या, नाहीतर दोन्ही वाया जातात.

केमोथेरपीतलं सिस्प्लॅटिन ऐकण्यावर परिणाम करतं, आधी उंच पट्टीच्या आवाजांवर. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ ऐकू येत नाहीत आणि मूल प्रतिसाद देत नाही, आणि सगळे दोष लहान मेंदूला देतात. मूल उत्तर देऊ शकत नसलं तरी ऐकण्याची तपासणी होते: कानात छोटं उपकरण ठेवून किंवा डोक्याला इलेक्ट्रोड लावून, झोपेतसुद्धा. केमो सुरू होण्याआधी आणि मधेमधे ही तपासणी मागून घ्या. केमोथेरपीतल्याच व्हिन्क्रिस्टीन या औषधाने हातापायांत अशक्तपणा, जबड्यात दुखणं, बद्धकोष्ठता आणि क्वचित आवाज बसणं होतं. येत असलेलं बोलणं अचानक मागे गेलं तर हेही डोक्यात असू द्या.

घरी गेल्यावर

घरी नेताना कागदावर लिहून घ्या: कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, पुढचा एमआरआय कधी, रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा. सकाळच्या उलट्या, वाढती डोकेदुखी, पेंग, नजर खाली ओढल्यासारखी दिसणं, ताप, मानेवरच्या जखमेतून पाण्यासारखा स्राव किंवा तिथे वाढता फुगवटा, झटका, खाताना अचानक श्वास लागणं, किंवा परत आलेलं बोलणं पुन्हा जाणं: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका.

भावंडांना खरं सांगा. ‘ताईच्या डोक्यातला बोलायला मदत करणारा भाग सध्या दुखावलाय, तिला ऐकू येतं, ती बोटाने हो म्हणते’ एवढं पाच वर्षांच्या मुलाला पुरतं, आणि खुणांची भाषा भावंडंच सर्वांत आधी शिकतात. तुमच्या दोघांपैकी एकाने रोज काही तास मुलापासून दूर जाऊन झोपलंच पाहिजे. हा आजार आठवड्यांचा नाही, महिन्यांचा आहे.

शाळेत परत

बोलणं आलं की नातेवाईक म्हणतात, ‘झालं, बरं झालं’. इथूनच पुढे अनेक मुलं एकटी पडतात. मूल बोलतं, हसतं, ओळखतं, पण फळ्यावरचं उतरवेपर्यंत फळा पुसलेला असतो. लक्ष टिकत नाही, दोन सूचना एकदम दिल्या की पहिली विसरते, दुपारपर्यंत मूल गळून जातं, छोट्या कारणाने रडू कोसळतं. लहान मेंदूच्या इजेने विचार आणि भावना यांवर असा परिणाम होतो हे १९९८ मध्ये श्माहमान आणि शर्मन या संशोधकांनी मोठ्या माणसांत दाखवलं आणि नंतर मुलांतही ते दिसलं. रेडिएशनची भर पडली असेल तर वेग आणखी मंदावतो.

म्हणून शाळा सुरू होण्याआधी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (लक्ष, स्मरण, विचार तपासणारे मानसतज्ज्ञ) तपासणी करून त्याचा अहवाल शाळेला द्या. सुरुवातीला अर्धा दिवस. पुढच्या बाकावर जागा. फळ्यावरचं छापील स्वरूपात. परीक्षेत जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक. तोंडी परीक्षेत वेगाला गुण नकोत. वर्गासमोर उभं राहून वाचायची सक्ती नको, पण मुलाने स्वतः हात वर केला तर शिक्षकांनी त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला हवं आणि वर्गानेही. जिने चढताना सोबत लागेल, दप्तर हलकं लागेल, मैदानावर तोल जाईल.

ही तपासणी एकदाच करून भागत नाही. दुसरीत न जाणवलेली अडचण पाचवीत जाणवते, कारण तेव्हा धडे लांब होतात आणि स्वतः नियोजन करावं लागतं. दर एक-दोन वर्षांनी, आणि विशेषतः शाळेचा टप्पा बदलताना, ती परत करून घ्या. वर्गशिक्षक बदलले की अहवाल नव्या शिक्षकांच्या हातात तुम्ही स्वतः द्या आणि मूल थकल्यावर कसं दिसतं ते त्यांना समोर बसून सांगा.